पुंगळी न काढता गाडीचा आवाज

गॅरेजात जाऊन ‘आवाज जरा भारी करून द्या’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी दोनच उपाय पुढे येतात. सायलेन्सरची पुंगळी, म्हणजे त्याच्या तोंडात बसवलेली आवाज दाबणारी नळी, काढा, नाहीतर त्याच्या मागच्या तोंडातून लांब बिट घालून आतल्या पडद्याला भोकं पाडा. दोन्ही दहा मिनिटांची कामं, शे-दोनशेत होणारी. पहिले दोन दिवस बरं वाटतं. मग गाडी नुसती कोकलतेय हे आपलं आपल्यालाच कळतं, शेजाऱ्यांना ते पहिल्याच दिवशी कळलेलं असतं.

मोठा आवाज वेगळा आणि भारदस्त आवाज वेगळा. दुसरा मिळवायला डेसिबल वाढवावे लागत नाहीत, उलट थोडे कमी करावे लागतात. हे ऐकायला चमत्कारिक वाटेल, म्हणून आधी थोडं गणित.

फोर स्ट्रोक सिंगल सिलिंडर इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेटतं. ३००० आरपीएमला मिनिटाला १५०० ठोके, म्हणजे सेकंदाला २५. हा मूळ ठोका इतका खालचा असतो की कानाला तो सूर म्हणून जवळजवळ ऐकूच येत नाही. आपण ऐकतो ते त्याच्या पटीतले ५०, ७५, १०० हर्ट्‌झ आणि त्यावरचे आवाज. साधारण ६० ते २५० हर्ट्‌झचा पट्टा छातीत जाणवतो. बुलेटवाले ज्याला ‘धकधक’ म्हणतात ती हीच. १००० च्या पुढे, त्यातही २००० ते ५००० हर्ट्‌झमध्ये जे असतं ते पत्र्याचं, फाटकं, कानात टोचणारं. आणि माणसाचा कान नेमका याच पट्ट्याला सगळ्यात तिखट असतो.

आवाज मोजायचं मीटरही कानावर बेतलेलं आहे. डेसिबल ‘ए’ या मापात ६३ हर्ट्‌झचा आवाज २६ डेसिबलने कमी धरला जातो, १०० हर्ट्‌झचा १९ ने, आणि १००० हर्ट्‌झचा जसाच्या तसा. थोडक्यात, मीटरला बास फारसा दिसतच नाही. वरचं फाटकं कापलं की आकडा उतरतो आणि कानाला मात्र गाडी भरलेली वाटते. पुंगळी काढली की बरोबर उलटं होतं: बास आहे तेवढाच राहतो, वर फाटकेपणाचा थर चढतो आणि चौकातल्या हवालदाराची मान वळते.

आधी गळती शोधा

बऱ्याच गाड्यांचा आवाज बिघडलेला असतो तो सायलेन्सर वाईट आहे म्हणून नाही, तर जोड गळतोय म्हणून. विशेषतः पाच-सात वर्षं झालेल्या स्प्लेंडर, शाइन, पल्सर, युनिकॉर्न. इंजिनच्या हेडपाशी, जिथून सायलेन्सरचा पाइप निघतो तिथे, ‘टिक टिक’ असा बारीक आवाज येतो, लोक टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या खटक्याचा, आवाज समजून टॅपेट घट्ट करून आणतात. टॅपेट नको तितका घट्ट झाला की व्हॉल्व्ह जळायची वेळ येते, आणि आवाज आहे तिथेच.

तपासणी फुकट आहे. गाडी थंड असताना स्टार्ट करा, जाड सुती फडकं घडी करून सायलेन्सरच्या तोंडावर दोन-तीन सेकंद दाबा. जोड चांगले असतील तर इंजिन गुदमरून बंद पडायला लागतं. गळत असतील तर इंजिन चालूच राहतं आणि पुढून कुठूनतरी फुसफुस ऐकू येते. ती फुसफुस हेडच्या फ्लँजपाशी (पाइप हेडला आवळणारी चकती), बेंड पाइप (हेडपासून येणारा वाकडा पाइप) आणि डब्याच्या क्लॅम्पपाशी, किंवा डब्याच्या खालच्या शिवणीवर सापडते. जिथे गळतं तिथे काळी काजळी बसलेली असते, ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. डब्याच्या पोटात खाली दोन-तीन मिलिमीटरचं एक भोक असतं, ते गळती नव्हे. त्याच्याबद्दल पुढे.

गळतीने आवाज का बिघडतो? धूर काही सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने जातो. प्रत्येक ठोक्यामागे पाइपात क्षणभर दाब हवेपेक्षा खाली जातो आणि त्या फटीतून बाहेरची ताजी हवा आत ओढली जाते. अर्धवट जळालेलं पेट्रोल आणि ही हवा गरम पाइपात भेटली की थ्रॉटल सोडल्यावर ‘फट फट’ होतं. इंजेक्शनच्या गाडीत याचा आणखी एक उपद्रव आहे. फट ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर सेन्सरला ती जादा हवा दिसते, ईसीयूला, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणाऱ्या संगणकाला, वाटतं मिश्रण पातळ झालंय, आणि तो पेट्रोल वाढवतो. मायलेज पडतं, प्लग काळा होतो, आणि मालक इंजेक्टर साफ करून घेत बसतो. दोष असतो हेड आणि पाइपाच्या जोडात बसणाऱ्या पन्नास-शंभर रुपयांच्या रिंगेचा.

ती रिंग बदलायची पद्धत नीट सांगतो, कारण निम्म्या गळत्या इथेच जन्माला येतात.

आदल्या संध्याकाळी हेडच्या दोन्ही नटांवर गंज सोडवणारं स्प्रे तेल मारून ठेवा. सकाळी इंजिन थंड असताना दोन्ही नट आलटून-पालटून अर्धा-अर्धा फेरा सोडा. एकच नट पूर्ण काढला तर फ्लँज तिरका होतो आणि दुसरा स्टड वाकतो. नट हलतच नसेल तर जोर लावू नका. इंजिन थोडं गरम करून पुन्हा तेल मारा. स्टड ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये तुटला की तो काढायला लेथवाल्याकडे हेड न्यावं लागतं आणि तिथे बजेट संपतं.

पाइप उतरल्यावर बॅटरी लावून पोर्टमध्ये बघा. जुनी रिंग पिचून, कार्बनच्या रंगाची होऊन तिथेच बसलेली असते. ती पोर्टचाच भाग वाटते. लोक तिच्यावरच नवी रिंग बसवतात, मग फ्लँज घट्ट होतो पण सरळ बसत नाही आणि पंधरा दिवसांत पुन्हा टिकटिक. टोकदार पेचकसाने एका बाजूने उचकटून ती काढा. पेचकस पोर्टच्या कडेला घासू नका, तिथला एक ओरखडा कायमची गळती देतो. नवी रिंग जागेवर राहत नसेल तर तीन ठिकाणी ग्रीसचा ठिपका लावून चिकटवा, ग्रीस नंतर जळून जातं. स्टडवर कॉपरचं अँटी-सीझ (नट जाम होऊ न देणारा लेप) लावा.

बसवताना क्रम महत्त्वाचा. हेडचे नट, मधला क्लॅम्प, मागचा बोल्ट हे सगळं आधी नुसतं हाताने लावून घ्या. मग हेडचे दोन्ही नट आलटून-पालटून घट्ट करा, नंतर क्लॅम्प, आणि सगळ्यात शेवटी मागचा बोल्ट. मागचा आधी आवळला तर बेंड पाइप ताणात राहतो; गळती तर होतेच, पुढे वर्षभरात वेल्डपाशी चीर जाते. पन्नासेक किलोमीटर फिरून गाडी थंड झाली की नट एकदा पुन्हा तपासा. रिंग दबते, नट थोडे ढिले सापडतातच.

गळतीनंतर खडखड. डब्यावर बोटाच्या पेराने ठिकठिकाणी वाजवा. ‘ठक’ आलं तर ठीक, ‘खर्र’ आलं तर आतला पडदा सुटलाय. हीट शील्डचे स्क्रू, त्याखालचे वॉशर, मागच्या बोल्टचं रबर बुश, मेन स्टँड टेकतो तो रबरी गट्टू, हे चारही बघा. तो गट्टू पडलेला असेल तर खड्ड्यात गाडी आपटली की स्टँड सायलेन्सरवर घण मारतो. आमच्या सांगली-मिरजेकडच्या कुपवाड रोडला त्याची परीक्षा आपोआप होते. ही सगळी रबरं मिळून दोनशेच्या आत येतात, आणि एवढ्यानेच कित्येक गाड्यांचा आवाज परत कंपनीतून आल्यासारखा होतो. तिथे थांबलात तरी चालेल.

कापायचा तर दुसरा कापा

यापुढे जायचं असेल तर एक गोष्ट ठरवून घ्या: गाडीवर आलेला सायलेन्सर कापायचा नाही. तो उतरवून, तेलाचा हात मारून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवायचा. वॉरंटीला, आरटीओला, गाडी विकताना तोच लागतो. काम करायचं ते जुन्या बाजारातून आणलेल्या त्याच मॉडेलच्या दुसऱ्या सायलेन्सरवर. वरून गंजलेला चालेल, आतून खडखडणारा नको. आणताना चुंबक खिशात ठेवा. कंपनीचे डबे बहुतेक साध्या लोखंडाचे किंवा ४०९ स्टेनलेसचे असतात, दोन्हीला चुंबक चिकटतं. ३०४ स्टेनलेसला चिकटत नाही. वेल्डरला हे आधी सांगावं लागतं.

बीएस ४ आणि त्यानंतरच्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) कुठे आहे ते आधी शोधा. काहींच्या बेंड पाइपात असतो, काहींच्या डब्याच्या पुढच्या तोंडात. त्याला हात लावायचा नाही. तो काढला तर पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचा आकडा वर जातो. शिवाय त्याची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी स्वतःच आवाजाचे काटे मोडत असते. ती गेली की आवाज मोकळा होतो, पण डब्यात खडे हलवल्यासारखा. आणि एक, ‘कॅट फुकटात काढून देतो’ म्हणणाऱ्याला हात जोडा. त्या पोळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप असतो, भंगारात त्याला चांगला भाव येतो. फुकट काहीच नाही.

कंपनीच्या डब्यात दोन-तीन खोल्या असतात, मध्ये पडदे आणि पडद्यांतून आरपार गेलेल्या नळ्या. धूर पुढून मागे, मागून पुढे असा फिरतो आणि ठोके एकमेकांवर आपटून मरतात. ही पद्धत खालचा आवाज चांगला मारते. बाजारात मिळणारे ग्लास वूलचे डबे दुसऱ्या जातीचे: मध्ये जाळीची सरळ नळी, भोवती लोकर. लोकर वरचा फाटका आवाज खाते आणि बास जाऊ देते. स्वस्तात चांगला परिणाम हवा तर दोन्ही जातींचा संकर करायचा, म्हणजे कंपनीच्या खोल्या तशाच ठेवून शेवटी लोकरीचा एक टप्पा द्यायचा.

तो टप्पा कुठे बसेल हे आतल्या रचनेवर ठरतं. मोबाइलला लावायचा साडेपाच मिलिमीटरचा एंडोस्कोप कॅमेरा पाचशे-हजारात मिळतो. तो मागच्या नळीतून आत घाला, किंवा फाटक्या दुसऱ्या एखाद्या डब्याची मागची टोपी ग्राइंडरने उघडून बघा. मागची नळी शेवटच्या खोलीतून नुसती आरपार जात असेल आणि त्या खोलीत दुसऱ्या कुठल्याच नळीचं तोंड उघडत नसेल, तर ती खोली मोकळी आहे. नळीचा तेवढा तुकडा काढून जागी जाळीची नळी घाला आणि खोली लोकरीने भरा. बाहेरून काही दिसत नाही. पण पुढून आलेली एखादी नळी त्या खोलीत उघडत असेल तर ती धूर वळायची जागा आहे. तिथे जाळी घातली तर धूर मधल्या खोल्या टाळून थेट बाहेर पडेल आणि लोकर आठवड्यात उडून जाईल. बहुतेक फसलेली कामं इथेच फसतात. अशा डब्याला आत हात न लावता मागे छोटा डबा जोडायचा.

त्या छोट्या डब्याची मापं १०० ते १६० सीसीच्या गाडीसाठी अशी धरा. बाहेरची नळी ७५ मिलिमीटर व्यासाची, २०० मिलिमीटर लांब, १.२ मिलिमीटर जाडीची ३०४. आतली जाळीची नळी कंपनीच्या मागच्या नळीच्या आतल्या मापाइतकीच. ‘मोठी नळी म्हणजे मोकळा श्वास’ हा गैरसमज आहे. मोठी नळी घातली की धुराचा वेग पडतो आणि आवाज पोकळ येतो. जाळीची भोकं ३ मिलिमीटरची, ५ मिलिमीटर अंतरावर, एकाआड एक. असं केलं की पत्र्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग उघडा राहतो, तेवढा पुरे. भोकं पाडल्यावर आतल्या बाजूला धार राहते. गोल कानशीने ती पूर्ण काढा, नाहीतर ठरावीक आरपीएमला बारीक शिट्टी येते आणि ती कुठून येते हे शोधण्यात महिना जातो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढणारा घोडीवर हलका हात फिरवतो, तार लावून ऐकतो, पुन्हा फिरवतो. जाळीची धार काढताना तोच धीर लागतो.

लोकर कोणती, यावर निम्मं काम अवलंबून आहे. छताला किंवा एसी डक्टला लावतात ती पिवळी लोकर घ्यायची नाही. तिच्यात धागे धरून ठेवणारा डिंक असतो; तो उष्णतेने जळतो, आठवडाभर घाण वास येतो आणि मग धागे सुटून मागून उडतात. पांढरी, लांब धाग्याची, बिनडिंकाची काचेची सुईपट्टी (नीडल मॅट) किंवा बेसॉल्टची लोकर घ्या. जाळीवर आधी स्टेनलेसच्या किसाचा पाच-सहा मिलिमीटरचा थर गुंडाळा. भांडी घासायची साधी लोखंडी तार नको, ती गंजून भुगा होते. त्याच्यावर लोकर. किसासह एकूण थर २० मिलिमीटरच्या खाली गेला तर फरक जाणवत नाही.

किती भरायची याचं गणित सोपं आहे: एक लिटर जागेला १०० ते १३० ग्रॅम. वरच्या मापात आतला व्यास ७३ आणि जाळीचा बाहेरचा व्यास ३० धरला तर मोकळी जागा ०.७ लिटर येते, म्हणजे किसाची थोडी जागा वजा करून ६० ते ७५ ग्रॅम लोकर. किराण्याच्या काट्यावर मोजा, अंदाजाने नको. कमी भरली तर ती एका बाजूला सरकून गोळा होते. दाबून भरली तर ती भिंतीसारखी होते, आवाज शोषत नाही, परत फेकते. हातमोजे आणि मास्क घाला. काचेची कुसं एकदा मनगटात गेली की दोन दिवस खाजवत बसावं लागतं.

मागची टोपी वेल्ड करू नका. कड्याला सहा ठिकाणी भोकं पाडून स्टेनलेसच्या पॉप रिव्हेटने बसवा. लोकर कधीतरी बदलावीच लागते, तेव्हा रिव्हेट ड्रिलने उडवून डबा पाच मिनिटांत उघडतो.

तयार डबा पाऊण किलोच्या आसपास भरतो. एवढं वजन टोकाला लटकलं तर कंपनीचा एकटा बोल्ट ते पेलत नाही, त्यामुळे रबर बुश घालून दुसरी पट्टी चेसिसला द्या. लांबी मागच्या टायरच्याही मागे जाऊ देऊ नका. मागे बसणाऱ्याचा पाय आणि साडीचा पदर कुठे येतो हे एकदा प्रत्यक्ष माणूस बसवून बघा. डब्याचं तोंड थोडं खाली आणि बाहेर वळलेलं ठेवा. नंबर प्लेटकडे किंवा बॅगेकडे नको.

वेल्डर कुठला

ग्रिल-गेट करणाऱ्याकडे हे काम नेऊ नका. त्याची आर्क या पातळ पत्र्याला भोक पाडते, मग ते भोक भरायला तो मणी ओततो. कुपवाड एमआयडीसीत डेअरीच्या आणि साखर कारखान्यांच्या स्टेनलेस पायपिंगची कामं करणारे टिग वेल्डर आहेत. त्यांना हे काम तासाभराचं आहे. ३०४ ला ३०४ जोडायचं तर ३०८ एल फिलर (वेल्डमध्ये वितळवायची तार), आणि ३०४ ला साधं लोखंड जोडायचं तर ३०९ एल. नळीच्या आतून आर्गॉन सोडायला सांगा. नाही सोडला तर वेल्डच्या आतल्या बाजूला काळे खरखरीत दाणे येतात, वेल्डर त्याला साखर आली म्हणतात. सांगली जिल्ह्यात साखरेला कुणी नाही म्हणत नाही, पण इथे ती नको, तिथूनच चीर सुरू होते.

जुन्या सायलेन्सरवर क्रोम असेल तर जोडाच्या आजूबाजूचा इंचभर क्रोम आधी ग्राइंडरने काढा आणि मास्क लावा, त्याची धूळ आणि धूर विषारी असतो. जीआय पाइपचा तुकडा ‘चालतंय की’ म्हणून कुणी घालायला निघाला तर थांबवा. जस्ताच्या धुराने वेल्डरला ताप येतो आणि जोडही टिकत नाही. टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारायला गाडीवरच वेल्ड करायची वेळ आली तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि ईसीयूचा कनेक्टर काढा, अर्थिंगचा चिमटा सायलेन्सरवरच लावा, पेट्रोलची टाकी उतरवा.

भंगारातले ३०४ चे तुकडे किलोवर मिळतात. पत्रा, लोकर, रिव्हेट, वेल्डिंग मिळून दीड ते अडीच हजारांत हा डबा होतो. ६०० अंशांचा सिलिकॉन रंग मारायचा असेल तर तीन-चारशे वेगळे. रंग मारल्यावर लगेच लांब जाऊ नका. दहा मिनिटं गाडी चालू, पूर्ण थंड, मग वीस मिनिटं, पुन्हा थंड, असा भाजून घ्या. बेंड पाइपला गुंडाळायच्या पट्टीवर पैसे घालवू नका. तिने आवाजात काही फरक पडत नाही, पावसात ती ओली राहते आणि खाली लोखंडी पाइप सडतो.

पेट्रोलचं काय

वरच्या पद्धतीने काम केलं तर जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, बदलावा लागत नाही. प्लग तांबूस-करड्या रंगाचा दिसला की झालं. पांढरट दिसला तर मिश्रण पातळ आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत आधी स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते बघा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू, बाहेर फिरवला की मिश्रण पातळ होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर फिरवला की जाड होतं. दोघांची दिशा उलटी आहे, आणि याच गोंधळात गाड्या आणखी बिघडतात. एका वेळी पाव फेरा, मग दोन किलोमीटर फिरून बघा.

चालू गाडीची चावी बंद-चालू करून फटाके वाजवणाऱ्यांसाठी एकच सांगणं: तो स्फोट डब्याच्या आत होतो. कॅटची जाळी फुटते, तिचे तुकडे पुढे अडकतात, पडद्याचे वेल्ड सुटतात. लोकर तर एका संध्याकाळीत मोकळी.

मोजमाप आणि चलन

काम करण्याआधी आणि नंतर मोजा. मोबाइलचं ॲप खरा आकडा देत नाही, पण आधीचं आणि नंतरचं यातला फरक बऱ्यापैकी सांगतं. मोबाइल सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर दूर, धुराच्या रेषेपासून ४५ अंशांत, तोंडाच्या उंचीवर धरा. गाडीची कमाल पॉवर ज्या आरपीएमला येते त्याच्या निम्म्यावर थ्रॉटल स्थिर ठेवा. ती पॉवर ५००० किंवा त्याखाली येत असेल तर पाऊणपट धरा. मोकळं मैदान हवं, भिंतीजवळ आकडा फुगतो. नवा आकडा जुन्यापेक्षा वर गेला तर काम चुकलंय. लोकर कमी आहे किंवा कुठेतरी गळतंय. उघडा आणि बघा. तीन डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली, हे लक्षात ठेवून ‘दोन-तीनच तर वाढलेत’ म्हणू नका.

कंपनीला गाडी पास करून घेताना ८० सीसीपर्यंत ७५, १७५ पर्यंत ७७ आणि त्यापुढे ८० डेसिबलची मर्यादा असते. ती चालत्या गाडीची, साडेसात मीटरवरून मोजलेली असते, त्यामुळे अर्ध्या मीटरवरचा आपला आकडा तिच्याशी ताडून घाबरू नका आणि खूशही होऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२० सायलेन्सरबद्दल आहे. आवाजाचे निकष मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्सवर गदा, इतकं होऊ शकतं. पीयूसी पास आहे हे उत्तर तिथे चालत नाही, त्यात आवाज मोजतच नाहीत. बाहेरून जोडलेला डबा दिसला की पोलीस थांबवणार हेही धरून चाला. म्हणून, जिथे जमेल तिथे आतल्या मोकळ्या खोलीतलं काम मागच्या डब्यापेक्षा बरं.

मिरजेत तर दर चौकाला दवाखाना आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होतो. तिथली मर्यादा दिवसा ५० आणि रात्री दहानंतर ४० डेसिबल. कंपनीची गाडीसुद्धा तिथे आरामात चालवावी लागते.

आरएक्स १०० वाल्यांनी

आरएक्स १०० सारख्या टू स्ट्रोकला यातलं जवळजवळ काहीच लागू नाही. तिथे डब्याचा आकार आणि लांबी इंजिनचाच भाग असतो, कारण परत येणारी लाट ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. कापलात तर पिकअप गेला. ‘जाळ अन् धूर संगटच’ हे ब्रीद मान्य असलं तरी पुंगळी जागेवर ठेवा, ती फक्त साफ करा. मागचा छोटा बोल्ट काढला की ती बाहेर येते. तेलकट काजळीने भोकं बुजलेली असतात, म्हणूनच गाडी वर ओढत नाही. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग त्यात बुडवू नका, तो विरघळतो.

पाणी

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांब चालणाऱ्या गाडीत ते बाहेर जातं. घर ते भाजी मंडई एवढंच चालणाऱ्या गाडीत डबा पुरता तापतच नाही आणि पाणी पोटात साचतं. डब्याच्या खालचं ते बारीक भोक त्यासाठी असतं. गळती समजून वेल्डर ते बुजवतो, आणि दोन पावसाळ्यांत डबा खालून चाळणी होतो. नव्या डब्यालाही सगळ्यात खालच्या जागी अडीच मिलिमीटरचं भोक द्या, लोकरीच्या मागे, टोपीजवळ.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांचे सायलेन्सर अजूनही जुन्या बाजारात येतात. वरून धुऊन रंगवलेले असतात. हातात घेऊन उभा धरा आणि उलटा करा. आतून वाळूसारखी सळसळ आली तर तो कृष्णेचा गाळ आहे, ठेवून द्या. स्वतःचीच गाडी पाण्यात गेली असेल तर सायलेन्सर उतरवून रिकामा केल्याशिवाय किक मारू नका. लोकरीचा डबा असेल तर ती लोकर फेकाच. गाळ बसलेली लोकर वाळली तरी शोषत नाही.

एरवी लोकर बदलायची वेळ आवाजच सांगतो. आधी थंड गाडी फाटकी वाजते आणि तापल्यावर ठीक होते. पुढे तापल्यावरही फाटकीच राहते, डब्याच्या मधोमध रंग निळसर-तपकिरी पडायला लागतो आणि तिथे हात नेला तर बाकीच्या डब्यापेक्षा जास्त झळ लागते. रिव्हेट उडवा, पुन्हा काट्यावर मोजून भरा. साधारण दीड-दोनशेचं काम.